आदल्या संध्याकाळचं बियाणं

फाल्गुन लागला की पिंपळगव्हाणातली माणसं आभाळाकडं बघायची सोडून कडूबाईकडं बघायला लागत. आता कडूबाईत बघण्यासारखं काय होतं म्हणाल, तर काही नव्हतं. पन्नाशीची, काटकुळी, उन्हानं रापलेली भोयाघरची विधवा. पायांत वहाण नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि स्वभाव असा की सरळ विचारल्याचं सरळ उत्तर द्यायचं तिच्या जिवावर यायचं. पण ती सकाळी पूर्णा नदीच्या वाळूत फिरून यायची आणि टिटवीनं अंडी कुठं घातली ते सांगायची. त्यावरून पाऊस कसा होईल, नदीचं पाणी कुठवर चढेल, पेरणी कधी धरावी, हे सगळं गाव ठरवायचं.

टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाणी मोठं आणि खोलगटात घातली तर पाणी कमी, हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि अंडी सापडणं वेगळं. ती असतात खड्यांच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. त्यात टिटवी मोठी वस्ताद. अंडी एकीकडं आणि ही बया ओरडणार दुसरीकडं, लंगडत, पंख ओढत, माणसाला भलत्याच दिशेला नेऊन सोडणार. कडूबाई तिच्या मागं जायची नाही. ती वाळूत गुमान बसून राहायची, टिटवीचं नाटक संपेपर्यंत. मग टिटवी चोरासारखी परत यायची आणि कडूबाईला जागा कळायची.

हे तिनं सासऱ्याकडून घेतलं होतं. सासरा लिंबाजी जुन्या निजामी जमान्यातला माणूस, बोलणं कमी. सून लग्न होऊन आली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. तिला तो रोज सकाळी नदीवर न्यायचा आणि काही न सांगता नुसता फिरवायचा. कुठं वाळू काळसर ओली दिसते, मुंग्यांनी माती कुठं काढली, ढोरं पाणी प्यायला कुठल्या काठानं उतरायलीत, बगळे कुठल्या डोहाला सोडून गेले. एवढं सगळं बघून झालं की मग टिटवी. घरी येताना एखादं वाक्य टाकायचा. "एकल्या टिटवीला इचारू न्हाई, पोरी. समद्यास्नी इचारावं." तिला तेव्हा ते म्हाताऱ्याचं चऱ्हाट वाटायचं.

पुढं लिंबाजी गेला, नवरा गेला, पोटी काही नव्हतं, आणि वाळू तेवढी राहिली. पावसाळा सरला, नदी आटत आटत एका अंगाला सरकली की भोयांची सहा घरं नदीत उतरायची. वाळूत हातभर खोल आळी करायची, ओल लागेपर्यंत. तळाशी शेणखत घालायचं, फडक्यात बांधून मोड आणलेलं बी टाकायचं. वाऱ्यानं वाळू उडून वेल गाडले जाऊ नयेत म्हणून गवताचे कूड उभे करायचे. त्याला वाडी म्हणत. चैत्र संपता संपता खरबुजं तोडायला यायची आणि आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, बाजाराला त्यांच्या वासानं पूर्णा गावच्या स्टेशनावरचा माणूससुद्धा थांबायचा. या वाड्यांची जागा दर साली कडूबाई ठरवायची.

बहात्तरच्या उन्हाळ्यात टिटवीनं थेट आटलेल्या डोहाच्या तळाशी अंडी घातली. कडूबाईनं दत्तरावांच्या दारात जाऊन सांगितलं, "मालक, यंदा पेव उघडू नका." दत्तराव गावातले मोठे शेतकरी. ते हसले, पण त्यांनी जमिनीत साठवलेल्या ज्वारीचं पेव उघडलं नाही. पुढं दुष्काळ पडला तो सगळ्या जिल्ह्यानं भोगला. तेव्हापासून दर सुगीला दत्तरावांच्या घरून कडूबाईकडं ज्वारी यायची आणि चावडीवर तिला बसायला पोतं टाकलं जायचं. बाईमाणसाला, तेही भोयाच्या, चावडीवर पोतं! कडूबाई त्या पोत्यावर बसायला शिकली, आणि माझं म्हणणं असं की तिथंच घोटाळा झाला. त्यानंतर ती नदीत जायची ती थेट टिटवीकडं. वाळू, मुंग्या, बगळे यांना विचारायचं हळूहळू राहूनच गेलं. लोकांना फक्त टिटवीचं ऐकायचं असायचं, मग बाकीच्यांकडं जाऊन करायचं काय?

चौऱ्याहत्तरच्या कार्तिकात बौद्ध वस्तीतली सुलाबाई तिच्याकडं आली. तिशीची बाई, नवरा पूर्णेला रेल्वेच्या गँगमध्ये रोजंदारीवर, शनिवारी आला तर आला. सुलाबाईनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं होतं. दारापाशी उभी राहून ती म्हणाली, "मावशी, मला नदीत धा आळी धरायचीत. जागा दाखवता का?"

भोईगल्लीत कुरबूर झाली. नदी आपली, उद्या सगळी वस्ती उतरेल, वगैरे. कडूबाईनं एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली. "नदी काय तुमच्या आज्यानं खांदली व्हय?" आणि स्वतःच्या वाडीला लागून सुलाबाईला जागा दाखवली, बियाणं दिलं, मोड कसे आणायचे ते दाखवलं. हे तिनं मनापासून केलं, त्यात खोट काढायला जागा नाही.

सुलाबाई शिकायला चलाख निघाली. ती विचारायची फार. मुळी किती खोल जाती? कूड ह्याच अंगाला काहून? वरची वाळू का काढायची? कडूबाई वैतागायची, पण मनातून सुखावायची. चैत्रात सुलाबाईचे वेल कडूबाईच्या वेलांपेक्षा दाट झाले. पहिलं फळ पिकलं तेव्हा रीतीप्रमाणं तिनं ते विकलं नाही. वेलाचं पहिलं फळ बियाण्याचं. ते फोडून बी धुवायचं, राखेत घोळायचं, तापल्या वाळूवर वाळवायचं आणि गाडग्यात भरून वाडीतल्या खोपटात टांगायचं. प्रत्येक घरचं गाडगं ज्याच्या त्याच्या खोपटात. सुलाबाईनं तिचं गाडगं टांगलं आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसली. "मावशी," ती म्हणाली, "माझ्या घरात आजपतोर बियाणं नव्हतं. पेरायला कुटं व्हतं काय, तवा बियाणं ठिवावं."

त्यानंतर आठ दिवसांनी, शनिवारी, आश्रुबा कोतवालानं दवंडी दिली. मंगळवारी येलदरीच्या धरणाचं पाणी नदीला सुटणार आहे, नदीत ज्याचं जे असेल ते त्यानं सोमवारी दिवस मावळेपर्यंत काढून न्यावं. तसा कागदही चावडीच्या दाराला डकवला गेला.

सात वाड्यांतली फळं अजून दहा-बारा दिवस मागं होती. हिरवी तोडली तर भाजीला कुणी घेईल तेवढीच, बाकी ढोरांपुढं. दोन सालांमागं असंच पाणी सुटलं होतं ते घोटे भिजवून गेलं होतं, हेही सगळ्यांना आठवत होतं. म्हणून रविवारी सातही घरांतली माणसं वाळूत कडूबाईभोवती जमली. तोडायचं का ठेवायचं, एवढाच सवाल होता.

कडूबाई त्याच दिवशी पहाटे एकटी जाऊन बघून आली होती. टिटवीची जोडी पाण्यात घुसलेल्या वाळूच्या जिभेच्या टोकाला होती, चार अंडी, टोकं आत करून नीट मांडलेली, आणि पाण्याच्या पातळीपासून जेमतेम वीतभर उंच.

"न्हाई चढायचं," ती म्हणाली. "वाडीला धोका न्हाई. टिटवी यीतभर पान्यावर बसलीय."

माणसं मोकळी झाली. कुणीतरी तंबाखू काढली. सुलाबाई तेवढी बोलली. ती साक्षरतेच्या वर्गात जाऊन अक्षरं जुळवायला शिकली होती आणि चावडीवरचा कागद तिनं बोट ठेवून ठेवून सगळा वाचला होता.

"मावशी, कागदावर लिव्हलंय, नदीपात्रातला माल काढून घ्यावा. पात्र मंजी ह्येच की. आपुन बसलोत ती जागा."

"कागदाला नदी काय ठाव, बाई?" कडूबाई म्हणाली.

लोक हसले. सुलाबाई हसली नाही. "म्या म्हंते, निम्मी तोडावी. निम्मी ठिवावी."

आता खरं सांगायचं तर हे शहाणपणाचं बोलणं होतं. दुसरं कुणी बोललं असतं तर कडूबाईनं मान्यही केलं असतं. पण हिला तिनं जागा दिली, बी दिलं, मोड आणायला शिकवलं, आणि हिनंच चारचौघांत कागद वाचून दाखवावा, हे तिला लागलं. "तुजी मर्जी," ती म्हणाली. "तोड. तुला आमच्यावर भरवसा नसंल तं तोड." असं म्हटल्यावर ती बाई काय तोडणार? सुलाबाई खाली मान घालून म्हणाली, "तसं न्हाई, मावशी." आणि तिनं एकही फळ तोडलं नाही.

सोमवारी संध्याकाळी सगळे घरी गेले तरी कडूबाई वाडीतच होती. पाणी जसंच्या तसं होतं. टिटवी अंड्यांवर होती. वारा पडलेला. कशाचंही काही लक्षण नव्हतं, आणि तरी तिच्या जिवाला चैन नव्हती. आश्रुबाचा तो घोगरा आवाज कानातून जाईना. ती उठली, खोपटात गेली आणि छताचं गाडगं सोडलं. उंदीर लय झाले, ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, जवळ कुणी नसताना. गाडगं काखेत घेऊन ती घराकडं निघाली. वाटेवर सुलाबाईचं खोपट होतं. दाराला नुसता गवताचा झापा, आत टांगलेलं गाडगं फटीतून दिसत होतं. कडूबाईनं ते बघितलं, एक पाऊल थांबली, आणि पुढं गेली. घेतलं असतं तर सुलाबाईनं विचारलं असतं, काहून आणलं? मग काय सांगायचं होतं?

मंगळवारी दुपारपर्यंत काही नव्हतं. बायका वेलांची पानं उचलून फळं उन्हापासून झाकत होत्या. आभाळ भांड्यासारखं स्वच्छ. आणि तसल्या उन्हात पाणी आलं. आवाज नाही, गढूळपणा नाही. पुढं फेसाची एक रेघ, तिच्यात वाळली पानं, गोवऱ्यांचे तुकडे, आणि मागं निवळ गार पाणी, चोरपावलानं. आधी घोट्याला लागलं. कुणी म्हणालं, बघा, तेवढंच हाय. मग ते पोटऱ्यांना लागलं. सगळे वेलांवर तुटून पडले. हाताला येईल ते फळ उपटून काठाकडं फेकू लागले. वेल तुटून फळांसकट तरंगायला लागले. गवताचे कूड आडवे झाले.

कडूबाई मात्र जागची हलली नाही. तिला वाळूच्या जिभेचं टोक दिसत होतं. टिटवी उठली होती आणि पाण्यावर ओरडत होती. म्हैस अंड्यांजवळ आली की ती जशी पंख पसरून, मान पुढं काढून, अंगावर धावून जाते, तशी ती पाण्याच्या अंगावर धावून जात होती. मागं सरायची, पुन्हा जायची. मग तिनं लंगडायचं नाटक केलं. पंख ओढत ती उथळ पाण्यातून भलत्याच दिशेला निघाली, पाण्यानं आपल्या मागं यावं म्हणून. पाणी काही तिच्या मागं गेलं नाही. अंडी एकेक करून जागची हलली आणि गेली.

तेव्हा कडूबाईच्या ध्यानात आलं. ह्या पाखराला आभाळाचं पाणी कळतं. दरवाजा उघडून सोडलेलं पाणी त्याला कुठून कळणार? त्याला कुणी दवंडी दिली नव्हती. दवंडी मला दिली होती. मला ऐकू आली होती, आणि ऐकून मी माझं गाडगं उचललं.

सुलाबाई कमरेइतक्या पाण्यात तिच्या खोपटाकडं निघाली होती. फळांचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. ती पोचायच्या आत खोपट बसलं, आडवं झालं आणि पाण्याबरोबर निघालं. ती तशीच उभी राहिली. कुणीतरी हात धरून तिला काठावर आणलं.

पाणी तीन दिवस राहिलं आणि उतरलं. वाळू अशी सपाट झाली, की इथं कुणी कधी आळं केलं असेल हे सांगून खरं वाटू नये.

कडूबाई घरात बसून राहिली. लोक येतील, शिव्या देतील, घरातलं गाडगं बघतील, याची ती वाट बघत होती. गाडगं तिनं ज्वारीच्या कणगीमागं सारलं होतं. लोक आले, पण शिव्या कुणी दिल्या नाहीत. ते उलट तिचीच समजूत घालायला आले. टिटवी उलटली, म्हणाले. धरण झाल्यापासून पाखरंबी सरकारी झाली, असं एकानं म्हटलं आणि त्या दुःखातही माणसं हसली. कडूबाई हसली नाही, पण तिनं टिटवीची बाजूही घेतली नाही. दोष पाखराच्या गळ्यात पडत होता तो तिनं पडू दिला. सुलाबाई आली नाही.

आखिती आली आणि गेली. त्या वर्षी पिंपळगव्हाणची खरबुजं बाजारात नव्हती. भोयांची बाप्ये मंडळी जाळी घेऊन येलदरीकडं मासे धरायला गेली, बायका मिळेल त्या रोजगाराला. कडूबाई सकाळी नदीवर जायची ती सवयीनं. एक दिवस तिला टिटवीची तीच जोडी दिसली. पुन्हा अंडी घातली होती, पुन्हा खोलगटात, पुन्हा पाण्यापासून वीतभर वर. जणू काही झालंच नव्हतं. कडूबाई लांब वाळूत बसली आणि दुपारपर्यंत बघत राहिली. काही केल्या तिला त्या पाखराचा राग येईना. ते त्याला येतं तेवढं करत होतं, पुरतं जीव ओतून करत होतं. त्याच्या पोटाखाली चार अंडी होती आणि डोक्यात नदीचं एवढंच शहाणपण. आपल्या डोक्यात तेवढंच नव्हतं. आपल्याला कान होते, कागद वाचून सांगणारी बाई शेजारी बसली होती. समद्यास्नी इचारावं, असं म्हातारा म्हणायचा त्यात माणसंही होती, हे तिला इतक्या वर्षांनी त्या वाळूत कळलं, आणि कळून तिला लाजच वाटली.

मृगाला आठ दिवस राहिले असताना दत्तरावांनी तिला चावडीवर बोलावलं. पोतं टाकलेलं होतं. सरकी आताच टोबायची का पाऊस पडेपर्यंत थांबायचं, हे ठरवायला पाच-पंचवीस माणसं जमली होती.

"काय कडूबाय," दत्तराव म्हणाले, "काय म्हंती तुझी टिटवी? का अजून रुसलीय?"

कडूबाई पोत्यावर बसली नाही. "मालक, टिटवी चुकली नव्हती. मी चुकले. धरणाचं पानी टिटवीला कळत नसतंय, हे मला कळाया पायजे व्हतं. आता मला काय इचारू नका."

तिला वाटलं, आता लोक बोल लावतील. आणि झालं उलटंच. दत्तराव मान हलवून म्हणाले, "बगा, मन किती मोठं हाय बाईचं. चूक कबूल कराया कलेजा लागतो." दोघातिघांनी दुजोरा दिला. एक म्हातारा तर म्हणाला, आता तं हिच्यावरच भरवसा ठिवावा. कडूबाई घरी आली ती जड पायांनी. तिनं निम्मंच सांगितलं होतं आणि त्या निम्म्याचीही लोकांनी तिला शाबासकी दिली होती. कणगीमागचं गाडगं होतं तिथंच होतं. येत्या कार्तिकात भोईगल्लीत बियाणं फक्त तिच्याकडं असणार होतं, आणि सगळे हात जोडून तिच्या दारात येणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दत्तरावांच्या रानात गेली. तिथं रोजानं बायका धसकटं वेचत होत्या. ज्वारीची कापून राहिलेली खुंटं, हाताला काट्यासारखी लागणारी. सुलाबाई कडेच्या पातीवर होती. पदराची टोकं बोटांना गुंडाळून ती खुंटं उपटत होती. कडूबाई तिच्या बाजूला उभी राहिली. सुलाबाईनं वर बघितलं, पण हात थांबवला नाही.

"सुला, मला एक सांगायचंय."

"सांगा की."

"पानी यायच्या आदल्या सांजंला म्या माझं बियाण्याचं गाडगं घरी नेलं. मला भ्या वाटलं व्हतं. तुला मातर सांगितलं न्हाई. तुझं गाडगं दिसत व्हतं मला. म्या तसंच ठिवून आले."

सुलाबाईचा हात थांबला. कडूबाईला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर हातातलं धसकट फेकून मारेल. ते तिला सोसलं असतं. सुलाबाई नुसती बघत राहिली, अगदी सावकाश, एखादं अक्षर जुळवावं तशी.

"मंजी," ती म्हणाली, "तुमी लोकाला टिटवीचं सांगितलं, आन सोता दवंडीचं ऐकलं."

कडूबाईनं मान हलवली, व्हय म्हणून.

"म्या निम्मी तोडत व्हते, मावशी. तुमी म्हनलात, भरवसा नसंल तं तोड. टिटवीला म्या कुटं वळखते? म्या तुमाला वळखत व्हते." ती पुन्हा खाली वाकली, दोन खुंटं उपटली. मग विचारलं, "ते बियाणं हाय का अजून?"

"हाय. समदं तूच घे. मी आजच..."

"समदं नगं. फुकटचं काय नगं मला. माझं गेलं तेवडंच द्या, निम्मं. पुढल्या साली म्या धरनार हाय वाडी. तुमची जागा नगं, तुमची टिटवीबी नगं. कागद वाचता येतोय मला, आन नदी माझ्या डोळ्यानं बगीन." थोडं थांबून ती म्हणाली, "आन न्यायला म्या येनार न्हाई. तुमी आनून द्या. दिवसाढवळ्या, समद्यांम्होरून."

मुकादमानं लांबून हाक दिली तशी सुलाबाई पात धरून पुढं सरकली. कडूबाई बांधावरून घराकडं वळली.

घरी जाऊन तिनं कणगी सरकवली, गाडगं काढलं, सुपात बी ओतलं. राखेत घोळलेलं, खडखडीत वाळलेलं, एकाही दाण्याला कीड नाही. बोटानं मधोमध रेघ ओढून तिनं दोन वाटे केले. एक जुन्या गाडग्यात घातला. दुसरा नव्या गाडग्यात भरून, तोंडाला फडकं बांधून, डोक्यावर घेतला. भोईगल्लीतून बौद्ध वस्तीकडं जायला नदीकाठची आडवाट होती. त्या वाटेनं एक माणूस भेटलं नसतं. तिचे पाय तिकडं वळायलाही लागले. ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, पदर सारखा केला आणि गावातल्या वाटेला लागली.

गल्ली संपायच्या आतच तिच्या चुलतजावेनं दारातून विचारलं, "काय वं, काय हाय गाडग्यात?"

"बियाणं. खरबुजाचं."

"बियाणं कुटलं? समद्यांचं तं व्हाऊन गेलं."

"माझं न्हाई गेलं. म्या आदल्या सांजंला काढून आनलं व्हतं."

दोन घरं पुढं गेल्यावर मागून जावेनं दार लावल्याचा आवाज आला. मारुतीच्या पारावर तिघं बसले होते. त्यांनीही विचारलं, आणि कडूबाईनं तेच शब्द तसेच्या तसे सांगितले. त्यातला एक, ज्याची वाडी तिच्या खालच्या अंगाला होती, तो उठून उभा राहिला आणि थुंकून परत बसला. विहिरीवर बायकांनी विचारलं. त्यांनाही सांगितलं. दरवेळी तिला वाटायचं, आता पुढच्याला सांगताना सोपं जाईल. तसं काही होत नव्हतं.

चावडीच्या पायरीवर आश्रुबा कोतवाल तंबाखू मळत बसला होता. पार आणि चावडी समोरासमोर. त्यानं पारावरचं सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. कडूबाई समोर आली तसा त्याचा अंगठा तळहातावरच थांबला.

"कडूमाय, दवंडी ऐकून काढलं व्हतं?"

ती थांबली. डोक्यावरचं गाडगं तिनं दोन्ही हातांनी धरलं.

"व्हय," ती म्हणाली, "तुझी दवंडी ऐकून."

आणि ती बौद्ध वस्तीच्या वाटेला लागली.